‘पेशन्स’च्या ढलप्या

मित्रांनो, मी एक जुनी युद्धनौका आहे असे म्हटले, तर आज माझ्याकडे पाहून तुम्ही खुशाल हसाल. माझ्याजवळ शीड नाही, सुकाणू नाही, आणि तोफा तर कधीच गेल्या. पण एके काळी माझ्यावर चौऱ्याहत्तर तोफा होत्या आणि साडेपाचशे माणसे माझ्या पोटात जेवत, भांडत आणि घोरत होती. माझे नाव ‘पेशन्स’, म्हणजे धीर. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी मला बांधताना मात्र जरासुद्धा धीर धरला नाही, आणि माझी सगळी कहाणी त्या घाईतूनच निघाली.

फ्रेंचांशी लढाई जुंपली होती. इंग्लंडच्या राजाला जहाजे हवी होती, तीही आजच्या आज. मिस्टर प्रिडी नावाच्या मालकाच्या गोदीत माझा कणा टाकला गेला. माझ्यासाठी दोन हजारांवर ओक वृक्ष पडले. जाणते कारागीर जहाजाच्या फासळ्या उभ्या केल्या की वर्षभर त्यांना तशाच वाऱ्यावर सोडतात. लाकूड सुकते, त्यातला रस मरतो, आणि मग त्यावर फळ्या चढतात. माझ्या बाबतीत तेवढी उसंत कोणाला होती? एक म्हातारा करवत्या दबकत म्हणाला, “मालक, लाकडात रस आहे अजून.” त्यावर प्रिडी गरजले, “रस आहे तर पिऊन टाक! फळ्या ठोका!” त्याच उन्हाळ्यात माझ्या ओल्या फासळ्या दोन्ही बाजूंनी बंद झाल्या. मी बाहेरून देखणी दिसत होते. आतले मला तरी कुठे ठाऊक होते!

पाण्यात उतरले त्या दिवशी बँड वाजला आणि टोप्या हवेत उडाल्या. त्या गर्दीत एक रुंद खांद्याचा, अबोल माणूस लाकडी हातोडी घेऊन माझ्या तळाशी उतरला आणि एकेका फासळीवर हळूच ठोका मारून कान लावत फिरला. वैद्य रोग्याची नाडी पाहतो तसा. हा अँब्रोज टकेट, माझा सुतार. कप्तान बदलतात, खलाशी बदलतात, पण आमच्या आरमारात सुतार जहाजाला नेमला की जहाज मोडेपर्यंत तो त्याच जहाजाचा. शिडे-दोर सांभाळणारा तांडेल आणि आचारी यांचेही तसेच. म्हणजे मला जन्मभराचा सोबती मिळाला होता, आणि तो चांगला निघाला हे माझे नशीब.

माझी मोठी लढाई फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ झाली. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत आम्ही एका फ्रेंच जहाजाच्या इतक्या जवळ होतो की त्यांच्या शिव्याही ऐकू येत होत्या. वर तोफा धडाडत होत्या. खाली पाण्याच्या पातळीला एक अरुंद बोळ असतो, तिथे अँब्रोज खांद्यावर लाकडी बुचांची पोती घेऊन फिरत होता. एक गोळा माझी कूस फोडून आत आला. पाण्याचा लोंढा सुटला. बूच तासून होईपर्यंत पाणी थांबणार नव्हते, तेव्हा त्या माणसाने आपली पाठच भोकाला लावली आणि पाठीमागे समुद्र ठेवून तो मांडीवर बूच तासू लागला. “थांब पोरी, थांब,” तो मला म्हणत होता. “जरा कळ काढ. झालंच.” त्या दिवशी आम्ही जिंकलो. कप्तानाने सर्वांसमोर माझ्या नावाने पेला उंचावला. अँब्रोजची पाठ महिनाभर काळीनिळी होती आणि त्याबद्दल त्याने कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

मग तह झाला. खलाशी घरोघरी गेले. माझ्या डोलकाठ्या उपटल्या, तोफा उतरवल्या, डोक्यावर फळ्यांचे छप्पर घातले आणि मला एका शांत खाडीत, सरकारी गोदीच्या समोर, बांधून ठेवले. वापरात नसलेल्या जहाजावर सुतार आणि तांडेल कुटुंबासकट राहतात. अँब्रोजची बायको केझाया दोन पेट्या, सहा कोंबड्या आणि एक तिरसट मांजर घेऊन माझ्यावर राहायला आली. पाहिल्या पाहिल्या म्हणाली, “एवढं मोठं घर आणि चूल म्हणाल तर एकच!” आठवड्याभरात तोफांच्या खिडक्यांना पडदे लागले. जिथे बारूद भरणारे धावत होते तिथे अँब्रोजच्या विजारी वाळू लागल्या. खरे सांगते, मला आधी लाज वाटली. मी राजाची युद्धनौका! पण केशराचे पाव भाजल्याचा वास तळापर्यंत यायचा, आणि हळूहळू मला तो आवडू लागला.

त्यांना मूलबाळ नव्हते. केझाया दिवसभर माझ्याशीच बोलायची. तिची माझ्याविषयी मुख्य तक्रार अशी, की मी फार कुरकुरते. अँब्रोज रोज कोरड्या सकाळी माझ्या सगळ्या खिडक्या उघडायचा आणि दिवस कलला की एकेक बंद करायचा. थंडीत तळाशी कोळशाच्या शेगड्या पेटवायचा, का तर मला ओल लागू नये. कुठे फळी मऊ वाटली की ती काढून नवी बसवायचा. शेजारची जहाजे एकामागून एक कुजून गेली. त्यांचे सुतार बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात बसून “आमचं नशीब” म्हणत. मी पंधरा वर्षे टिकले.

आणि मग एका वसंतात, माझ्या पाठीमागच्या बाजूला, बिस्किटांच्या कोठाराच्या खाली, त्याच्या हातोडीचा आवाज बदलला. टणटण वाजणारी फासळी मऊ, ढब वाजली. त्याने पुढच्या फासळीवर ठोका मारला. तीही तशीच. प्रिडींच्या घाईत आत कोंडलेला तो रस इतकी वर्षे माझी हाडे आतून खात होता. अँब्रोज तिथेच मांडी घालून बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही. वर गेला तेव्हा बायकोला काही बोलला नाही. केझाया तशी खमकी. चार दिवस तिने वाट पाहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, “सलगम सोलताना तीनदा बोट कापून घेतलंस. कुठं पाणी मुरतंय ते सांगणार आहेस, की सगळी बोटं संपल्यावर?”

त्याने सांगितले. ती म्हणाली, “किती वाईट आहे?”

“खाडीत उभी राहिली तर अजून वीस वर्षं काही होत नाही तिला. तुला-मला पुरेल. पण तोफा चढवून उघड्या समुद्रात नेली, तर एक मोठं वादळ. बस.”

“मग खाडीतच आहे की ती,” केझाया म्हणाली आणि सलगमची साले गोळा करू लागली.

त्याच महिन्यात पुन्हा लढाई पेटली, आणि मला समुद्रावर पाठवण्याचा हुकूम आला.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? मला आनंदाचे भरते आले. माझ्या फासळ्या कुजल्या आहेत हे मला कळत होते, तरी आले. डोलकाठ्या पुन्हा चढल्या, दोरखंड ताणले गेले, वेगवेगळ्या गावांतले साडेपाचशे खलाशी होड्या भरभरून आले. त्यांतले कितीतरी जण माझ्या कठड्यावर हात फिरवून म्हणायचे, “दणकट दिसतेय!” पंधरा वर्षे विजारी वाळवलेल्या माझ्यासारखीला आणखी काय हवे होते? अँब्रोजने तोंड उघडू नये, एवढीच माझी इच्छा होती.

तीच इच्छा तांडेल पास्कोची होती. पास्को म्हणजे शिडे आणि दोरखंड सांभाळणारा, गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तोही इतकी वर्षे माझ्यावरच राहत होता. तपासणीच्या आदल्या दुपारी तो केझायाच्या चुलीपाशी येऊन बसला आणि बोटे चाटत पाव खाऊ लागला.

“टकेट, तपासायला साहेब येतोय. तो तपासेल. तुझं काय जातंय?”

“त्यानं मलाच विचारलं तर?”

“विचारलं तर खोक. तुला खोकला आहेच की!” पास्को म्हणाला. “अरे, ही मोडायची ठरली तर आपलं घर गेलं. तू साठीच्या पुढचा, मी त्याहून वर. दुसरं जहाज कोण देणार आपल्याला? मी बहिणीकडे जाईन. तू कुठं जाशील? झाडावर?”

“साडेपाचशे माणसं आहेत, पास्को.”

“वादळ येईलच कशावरून? हवामान काय तुला विचारून बदलतं?” पास्को चिडला. मग खाली पाहून हळू म्हणाला, “केझाया, तू तरी सांग की गं याला.”

केझायाने तिंबलेला कणकेचा गोळा दाणकन परातीत आपटला. “मला मध्ये घेऊ नका. पंधरा वर्षं मी या फळ्या घासल्यात. मला दुसरं घर नाही. मला काही विचारू नका.” आणि ती डोळ्यांना पदर लावावा तसा कमरेला बांधलेला फडका लावून रडली. अँब्रोज उठून खिडक्या बंद करायला गेला. मी मनात म्हटले, ठरले तर मग. तो गप्प राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर ऑडली नावाचे तपासनीस आले. माणूस भला होता, पण त्यांना त्याच दिवशी आणखी चार जहाजे पाहायची होती. त्यांनी आपले गिरमिट माझ्या अंगात तीन ठिकाणी फिरवले. तिन्ही ठिकाणी सोनेरी, कडक ओकचा भुसा बाहेर आला. कसा येणार नाही? त्या तिन्ही फळ्या अँब्रोजनेच बदलल्या होत्या. त्याने मला इतके जपले होते की माझे दुखणे त्याच्याच कामाखाली झाकले गेले होते. ऑडली साहेब खूश झाले. वरच्या डेकवर येऊन ते नव्या कप्तानाला, कप्तान थॉर्नहिल यांना, म्हणाले, “उत्तम ठेवलंय जहाज. असा सुतार मिळायला भाग्य लागतं.”

कप्तान अँब्रोजकडे वळले. आमच्याकडे हे विचारण्याची रीत आहे. “टकेट, तू तिला जन्मापासून ओळखतोस. तुझं काय म्हणणं आहे?”

पास्को दोराच्या गाठीकडे टक लावून पाहत होता. अँब्रोजने तोंड उघडले आणि मिटले. मला वाटते, तो तसाच उभा राहिला असता आणि कप्तानाने त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असाच घेतला असता.

एवढ्यात केझाया जिना चढून वर आली. तिच्या हाताला पीठ लागलेले होते आणि हातात अँब्रोजचे मोठे, लांब पात्याचे गिरमिट होते. साडेपाचशे खलाशांच्या मधून ती सरळ चालत आली आणि तिने ते नवऱ्याच्या हातात दिले.

“हे खाली विसरलास,” ती म्हणाली. “लागेल तुला.”

आणि मान ताठ ठेवून ती परत चुलीकडे गेली.

अँब्रोज ऑडली साहेबांना आणि कप्तानांना घेऊन तळाशी उतरला. बिस्किटांच्या कोठारातली खोकी त्याने स्वतः बाजूला सारली. गुडघ्यांवर बसून त्याने गिरमिट माझ्या फासळीला लावले. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात मला जड लागला. “माफ कर, पोरी,” तो पुटपुटला आणि त्याने पाते फिरवले. लोण्यात जावे तसे ते आत गेले. बाहेर आला तो ओल्या तपकिरीसारखा काळपट भुगा. कप्तानांनी त्यातला चिमूटभर तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “किती फासळ्या?” “अकरा, साहेब. माझ्या माहितीतल्या.” ऑडली साहेबांनी ‘जहाज उत्तम’ असे लिहिलेला आपला कागद फाडला.

मी त्या दिवशी अँब्रोजवर इतकी चिडले की सांगता सोय नाही. तोफेच्या गोळ्याने पाडलेल्या भोकाला ज्याने पाठ लावली त्यानेच मला मारले, असे मला वाटले. चारच दिवसांत माझे खलाशी, माझ्या तोफा, सगळे एका नव्या जहाजावर गेले आणि ते जहाज माझ्यासमोरून शिडे फुलवून निघून गेले. मला ओढत गोदीत नेले आणि मोडायला सुरुवात झाली.

पास्को बहिणीकडे गेला. जाताना अँब्रोजशी एक शब्द बोलला नाही. टकेट नवराबायकोंनी टेकडीवर एक ओलसर खोली भाड्याने घेतली. दुसरे जहाज त्याला खरोखरच कोणी दिले नाही. मग त्याने काय करावे? मला मोडणाऱ्या टोळीतच तो रोजावर लागला. दुसऱ्या कोणी माझ्यावर कुऱ्हाड टाकली की तो म्हणायचा, “तिथून नको, इथून. सांध्यातून सुटेल.” मी मात्र अबोला धरला होता. त्याच्या हाताखाली मी कुरकुरतसुद्धा नव्हते.

सरकारी गोदीत कामगारांचा एक जुना हक्क आहे. संध्याकाळची घंटा झाली की प्रत्येकाने कामावरच्या ढलप्या, म्हणजे उरलेसुरले लाकूड, काखेत मारून घरी न्यावे. अट एकच. तुकडा तीन फुटांहून लांब नको. फाटकावरचा पहारेकरी काठी लावून मोजतो. बाकीचे ते लाकूड चुलीत घालत. अँब्रोजही रोज एक काखभर नेई. त्यातल्या कुजक्या तुकड्यांना तो हात लावत नसे. घट्ट, सोनेरी, त्याने स्वतः बसवलेले ओक तेवढे निवडून नेई, आणि खोलीच्या भिंतीला रचून ठेवी. असा माझा तुकड्यातुकड्याने टेकडीवर मुक्काम पडू लागला. खोलीत केझायाला खोकल्याची ढास लागे, शेगडी विझलेली असे, आणि शेजारी ही लाकडाची रास!

“जाळणार नाहीस तर आणतोस कशाला?” ती म्हणायची.

“जाळवत नाही,” अँब्रोज म्हणायचा. आणि ती दुसऱ्यांदा विचारत नसे, की स्वतःही त्यातला तुकडा उचलत नसे.

ही गोष्ट टोळीचा मुकादम जेबेझ हॉकिंग याच्या कानावर गेली. हॉकिंग आडदांड माणूस, कोणाचे कौतुक त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्याचा पुतण्या त्या साडेपाचशे जणांत होता. एका संध्याकाळी तो टेकडी चढून आला, काखेतल्या ढलप्या टकेटांच्या दाराशी टाकल्या आणि म्हणाला, “आमच्या घरी जागा नाही ठेवायला. इथं असू दे.” दुसऱ्या दिवशी आणखी दोघांच्या घरी जागा नव्हती. आठवड्याभरात सबंध टोळीतल्या एकाच्याही घरी जागा उरली नाही! पहारेकरी रोज काठी लावून मोजायचा, सगळे तुकडे तीन फुटांच्या आत भरायचे, आणि तो न हसता म्हणायचा, “चला पुढे.”

चर्चच्या मागे पडीक जमिनीचा एक तुकडा होता. पाद्रीबाबांनी तिकडे कानाडोळा केला. हिवाळ्याच्या तोंडावर तिथे टकेटांच्या घराच्या भिंती उभ्या राहू लागल्या. तीन फुटांहून लांब लाकूड नाही, त्यामुळे सगळे सांध्यावर सांधे. जिना इतका अरुंद, की हॉकिंग त्यात अडकला आणि त्याला मागे ओढून काढावे लागले. छप्पर चढवायचे तेव्हा दोर बांधायला जाणता माणूस हवा होता. त्या सकाळी खांद्यावर दोरखंडाचे वेटोळे घेऊन पास्को हजर झाला. कोणाकडे न पाहता त्याने गाठी मारल्या. दुपारी अँब्रोजने त्याला पाव दिला तेव्हा म्हणाला, “खरं बोललास आणि मला बहिणीच्या हातचं खायला लावलंस. तिचं सूप एकदा खाऊन बघ, टकेट. मग कळेल तुला कोणाचं काय गेलं ते.” केझाया इतकी हसली की तिला ढास लागली. नंतर पास्को रोज जेवायलाच येऊ लागला.

मी मात्र अजून रुसलेली होते. दारे फुगवायची, फटींतून वारा घुसू द्यायचा. हातचा समुद्र गेला तो गेलाच, असे माझे पालुपद होते.

पुढच्या वसंतात एका दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एक तरणा खलाशी होता, उन्हाने रापलेला, टोपी हातात घेतलेला. त्याचे नाव सायलस. त्याला वाकून आत यावे लागले. केझायाने त्याला वाटाण्याचे सूप वाढले, पण तो चमचा हातात धरून नुसता बसला.

“मी ‘पेशन्स’वर जाणार होतो,” तो म्हणाला. “मग आम्हाला दुसऱ्या जहाजावर घातलं. सप्टेंबरात वादळ आलं. तीन दिवस. आमचं जहाज नवं होतं, तरी सांधे सुटले. आम्ही रात्रंदिवस पाणी उपसलं. सगळे परत आलो.” तो थांबला. “तळात पाणी उपसताना मला सारखं तुमचं ते गिरमिट आठवायचं, बाई. तुमच्या हाताला पीठ लागलं होतं.”

अँब्रोज खिडकीबाहेर पाहत होता.

“मला तिला एकदा बघायचं होतं,” सायलस म्हणाला. “गोदीत गेलो तर जागा रिकामी. कुठं आहे ती?”

केझाया त्याच्याकडे पाहून हसली. “सूप गार होतंय, बाळा. तू तिच्यातच बसलायस.”

त्याने चमचा खाली ठेवला, उठला आणि आपला रुंद तळहात माझ्या भिंतीवर टेकवला. तसाच उभा राहिला. अँब्रोज त्याच्याजवळ गेला आणि त्यानेही, कितीतरी महिन्यांनी, काही काम नसताना माझ्यावर हात ठेवला. माझा राग गेला तो त्या घटकेला.

मित्रांनो, जे तुम्हाला प्रिय आहे ते आतून बरे आहे का, हे अधूनमधून ठोकून पाहत जा. नुसते रंगवू नका. आणि कोणी तुमच्या भल्यासाठी कडू खरे बोलले, तर माझ्यासारखा वर्षभर अबोला धरू नका. त्या माणसाचीही रात्रीची झोप गेलेली असते.

त्या दिवशी सायलस संध्याकाळपर्यंत थांबला. साडेपाचशे माणसे आपापल्या घरी पोहोचली होती, आणि त्यांतल्या एकाला मी पोटात घेऊन पोटभर जेवू घातले.